एका नोटिशीचे रसग्रहण

नेवाशात राहणाऱ्या माणसाने टीका लिहू नये, असे माझे पूर्वीपासूनचे मत आहे. कारण उघड आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, आमच्या गावात एक टीका सांगितली गेली. सांगणाऱ्याने विशीही गाठलेली नव्हती. लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो पैस खांब अजून उभा आहे, आणि गीतेच्या सातशे श्लोकांच्या तिथे सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. एवढे झाल्यावर त्याच गावात दुसऱ्या कोणी टीका लिहायला बसणे म्हणजे भीमसेन जोशी गाऊन उठल्यावर त्याच तानपुऱ्याजवळ बसून खाकरण्यासारखे आहे.

त्यातून मी पडलो बी.कॉम. बँकेत चिकटल्यापासून माझे मराठी लेखन 'अक्षरी रुपये' आणि 'फक्त' या दोन शब्दांच्या मध्ये जेवढे मावेल तेवढेच. परंतु २०२४ च्या सप्टेंबरात माझ्या हाती एक अशी साहित्यकृती आली, की तिच्यावर चार शब्द लिहिल्यावाचून राहवेना. ही कृती मी एका रात्रीत सात वेळा वाचली. एवढी पकड माझ्यावर आजवर कोणत्याही कादंबरीने घेतलेली नाही. कृतीचे नाव लांबलचक आहे, पण विषय एका ओळीचा : मी आगाऊ कर भरला नव्हता आणि त्याबद्दल माझ्याकडे १,१९० रुपये निघत होते.

आता या कृतीला नोटीस म्हणावे की नाही, हा वाङ्मयप्रकाराचा पहिला वाद. खाते तिला नुसती 'इंटिमेशन' म्हणते, म्हणजे आपले सहज कळवले. पण आयकर कायद्यातच असे म्हटले आहे, की अशा कळवण्यात रक्कम निघत असेल तर ती मागणीची नोटीसच समजावी. हे बरे केले. ज्या कागदाच्या शेवटी पैसे मागितलेले असतात त्याला आमच्याकडे नोटीसच म्हणतात, मग वर काहीही छापा.

बाह्यांगापासून सुरुवात करतो. हा ग्रंथ ई-मेलने येतो आणि कुलूपबंद असतो. कुलूप उघडायला आपला पॅन नंबर आणि त्याला जोडून आपली जन्मतारीख लागते. वाचकाने आधी स्वतःची जन्मतारीख सांगितल्याशिवाय पहिले पान न उघडणारे दुसरे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. आमच्याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथे घरांना कुलपे नाहीत, आणि २०११ साली युको बँकेने तिथे शाखा उघडली तीही बिनकुलपाची म्हणून देशभर गाजली. अशा तालुक्यातल्या माणसाला कुलपातले पत्र येणे हाच पहिला धक्का. मी दोनदा जन्मतारीख चुकवली. बायको म्हणाली, "अहो, स्वतःची जन्मतारीख विसरलात? एवढं काय आहे त्यात?" मी म्हटले, "तेच बघतोय." तिसऱ्यांदा उघडले.

लेखकाविषयी : लेखक दिसत नाही. सगळा मजकूर संगणकाने तयार केलेला. वेद अपौरुषेय आहेत असे लहानपणी ऐकले होते. पुरुषाने न रचलेले म्हणजे नेमके काय, हे मला या नोटिशीने समजावले. मात्र वर एक लांब क्रमांक असतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर असा ओळख क्रमांक घालण्याचा नियम आहे, म्हणजे कोणी भामट्याने खोटे पत्र पाठवले तर ते ओळखता यावे. पत्र खोटे असेल, ही माझी शेवटची आशा होती. क्रमांक खरा निघाला.

आता भाषा. या बाबतीत मात्र परखड बोलावे लागेल. १९६१ च्या आयकर कायद्यात आपण ज्या वर्षात पैसे मिळवतो त्या चालू वर्षाला 'मागील वर्ष' म्हणतात आणि पुढच्या वर्षाला 'आकारणी वर्ष'. म्हणजे आपण जगत असतो तेव्हा खात्याच्या दृष्टीने ते आधीच मागे पडलेले असते. हे तत्त्वज्ञान म्हणून उच्च आहे. पण काउंटरवर चलन भरायला आलेल्या पेन्शनर काकांना ते समजावताना माझ्या घशाला कोरड पडते. काका दर वेळी चुकीच्या वर्षावर खूण करतात, आणि पैसे भलत्याच वर्षात जाऊन बसतात. त्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात ही जोडगोळी काढून एकच 'कर वर्ष' ठेवले आहे, आणि जुन्या ८१९ कलमांची ५३६ केली आहेत. पासष्ट वर्षांनी का होईना, चालू वर्षाला चालू म्हणायचे ठरले.

आमच्या गावच्या टीकेचे मोठेपण हेच, की ज्यांना मूळ भाषा येत नव्हती त्यांच्या बोलीत ती सांगितली गेली. नोटिशीला हा निकष लावणे अन्यायाचे आहे, हे कबूल. पण थोडा लावूच. माझ्या हातातल्या नोटिशीत दोन उभे रकाने होते : डावीकडे मी विवरणपत्रात काय लिहिले ते, उजवीकडे खात्याने काय हिशेब केला तो. मध्ये पन्नासेक ओळी. त्यांतल्या अठ्ठेचाळीस ओळींत डावे-उजवे जुळ्या भावांसारखे होते. उरलेल्या दोन ओळींत डावीकडे शून्य आणि उजवीकडे आकडा. '२३४ ब' आणि '२३४ क' असे त्यांचे नाव. 'बाबा रे, तू पैसे वेळच्या वेळी भरले नाहीस म्हणून हे व्याज,' एवढे एक वाक्य तिथे घातले असते तर माझी चार तासांची झोप वाचली असती. कथानकातले मर्म लपवून ठेवणे रहस्यकथेत शोभते. इथे खून आपलाच झालेला असतो.

कथानक असे. आमचे अण्णा २०२३ च्या फेब्रुवारीत गेले. शाळामास्तर होते. आयुष्यभर साठवलेले पैसे त्यांनी मुदत ठेवींत घातले होते. मी एकुलता एक, म्हणून त्या ठेवी माझ्या नावावर आल्या. पुढच्या आर्थिक वर्षात त्यांवर व्याज झाले १,२०,००० रुपये. बँकेने नियमाप्रमाणे दहा टक्के, म्हणजे १२,००० रुपये, आधीच कापून घेतले. माझी समजूत अशी, की एकदा कापले म्हणजे प्रकरण मिटले. ही समजूत माझ्या समोर काउंटरवर शेकडो लोकांनी बोलून दाखवली आहे, आणि मी त्यांना हसत हसत सांगत आलो आहे, "अहो, ते दहा टक्के. तुम्ही वीस टक्क्यांच्या पायरीवर असाल तर बाकीचे तुम्हालाच भरावे लागतात." मी वीस टक्क्यांच्या पायरीवरच होतो. चार टक्के उपकर धरून कर होतो २४,९६०. त्यातून १२,००० वजा जाता उरतात १२,९६०. आणि कापलेला कर वजा जाता दहा हजार किंवा त्याहून जास्त कर निघत असेल तर तो आगाऊ भरायचा असतो : १५ जूनपर्यंत पंधरा टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत पंचेचाळीस, १५ डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि १५ मार्चपर्यंत सगळा. या चार तारखांचा तक्ता आमच्या शाखेत भिंतीवर आहे. तो मीच चिकटवला आहे.

मी १२,९६० रुपये भरले ते पुढच्या जुलैच्या अखेरीस, विवरणपत्र भरताना. त्यात व्याजाचे दोन रकाने समोर आले होते. ते मी मोठ्या मनाने मोकळे सोडले. माझ्याच हिशेबाने व्याज होत होते १,१६७ रुपये. नोटीस म्हणाली १,१९०. वरचे तेवीस कुठून आले? मी पेन्सिल घेऊन बसलो. रात्री दीडच्या सुमाराला उलगडा झाला. मी जे भरले ते खात्याने आधी व्याजात वळते केले. त्यामुळे मुळातली तेवढीच रक्कम बाकी राहिली. तिच्यावर ऑगस्ट आणि सप्टेंबरचे बावीस रुपये चढले. आणि शेवटी दहाच्या पटीत करताना एक रुपया वाढला. हिशेब चोख होता. कर्जदारांना मी वर्षानुवर्षे हेच सांगत आलोय, "हप्ता आधी व्याजात जातो बरं का, मग मुद्दलात." ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत, त्या नजरेने मी आरशात बघितले.

नोटिशीतली पात्रे दोनच, खाते आणि मी. खलनायक कोणता ते पहिल्या वाचनात ठरलेले असते; दुसऱ्या वाचनात शंका येते. माझा पहिला बचाव असा, की उत्पन्न हाती यायच्या आधीच त्यावरचा कर अंदाजाने भरा, हे म्हणणेच मुळी आगाऊ आहे. 'आगाऊ' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत आणि आयकराच्या बाबतीत दोन्ही लागू पडतात. हा बचाव मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर एका ऊसवाल्या बागायतदाराला ऐकवला. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे हा गृहस्थ अशा विषयांवर अतिशय तटस्थपणे बोलू शकतो.

"सायेब, तुम्हाला बी नोटीस येती?" त्याच्या आवाजात सहानुभूतीपेक्षा समाधान जास्त होते. "म्हंजे पैसं मिळायच्या आधी अंदाज सांगायचा?"

"हो."

"आन् अंदाज चुकला तर?"

"व्याज."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मंग आमच्यात न् तुमच्यात फरक काय राह्यला? आमी बी पाऊस पडायच्या आधी बियाणं टाकतो." मग जाता जाता त्याने विचारले, "पर ठेवीचं व्याज किती येनार त्ये तुम्हाला ठावं नव्हतं? पावतीवर तर लिव्हलेलं आसतं."

हा प्रश्न एखाद्या टीकाकाराने विचारला असता तर मी त्याच्याशी दहा वर्षे वाद घातला असता. कायदा तसा अगदीच निर्दय नाही. अचानक लॉटरी लागली, जमीन विकून नफा झाला, तर त्याचा अंदाज जूनमध्ये कसा येणार, हे त्याला कळते. नंतरच्या हप्त्यांत भरले तर मागच्या हप्त्यांचे व्याज तो लावत नाही. साठी उलटलेल्या, धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी माणसाला तर आगाऊ कर भरावाच लागत नाही. नोकरदाराला आणखी एक सोपी वाट आहे : आपले व्याजाचे उत्पन्न कचेरीत लिहून दिले, की पगारातूनच तेवढा जास्त कर कापतात आणि आगाऊची भानगडच राहत नाही. आमच्या शाखेत ते लिहून देण्यासाठी मला माझ्या खुर्चीवरून उठावेही लागले नसते. नुसते मागे वळायचे होते.

तेव्हा माझ्या बाजूने बोलण्यासारखे काही उरले नाही. पण टीकाकाराचे काम एवढ्याने संपत नाही, आणि तो वकील नसल्यामुळे अशील दोषी ठरल्यावरही त्याला बोलता येते. कृतीचे दोष दाखवतो.

एक. १५ जूनचा हप्ता तुम्ही १६ जूनला भरलात, तरी व्याज तीन महिन्यांचे. महिन्याला एक टक्का, सरळ तीन टक्के. आम्ही बँकवाले व्याजाच्या बाबतीत काही साधुसंत नाही. तरीपण एका दिवसाच्या उशिराला तिमाहीचे व्याज लावताना आमचासुद्धा हात थरथरेल.

दोन. आपल्याकडून उशीर झाला तर महिन्याला एक टक्का. आणि खात्याकडून आपल्याला परतावा यायचा असेल तर तिकडून महिन्याला अर्धा टक्का. एकाच लेखणीने लिहिलेल्या एकाच कायद्यात माझा रुपया त्यांच्या रुपयाच्या निम्म्याने भरतो. उसाच्या बाबतीत १९६६ चा एक आदेश आहे : ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर कारखान्याने वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावे. पंधरा टक्के प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडतात हा भाग वेगळा, पण कागदावर तरी पैसे अडवणाऱ्याला चाप आहे. आमचे गाव पूर्वी निधिवास म्हणून ओळखले जाई. कुबेराचा निधी इथे ठेवला होता अशी आख्यायिका आहे. गावातल्या मोहिनीराजाच्या देवळाशी अमृत वाटपाची कथा जोडलेली आहे. त्या वाटपातही एका पंगतीला अमृत आणि दुसऱ्या पंगतीला नुसते मोहिनीचे दर्शन मिळाले होते. अर्ध्या टक्क्याच्या पंगतीत आपण बसलो आहोत, एवढे निदान पत्रावळी मांडताना सांगावे.

या प्रकाराला परंपरा मात्र थोर आहे. हिंदुस्थानात आयकर आणला जेम्स विल्सनने, १८६० च्या जुलैत, सत्तावन्नच्या बंडाने रिकामी झालेली तिजोरी भरायला. हा गृहस्थ पुढच्याच महिन्यात कलकत्त्यात वारला. कर अजून हयात आहे. आगाऊ कर आला १९४४ मध्ये, महायुद्धाच्या महागाईत, लोकांच्या हातातला पैसा लवकर काढून घ्यावा म्हणून. युद्ध पुढच्या वर्षी संपले. महागाई आणि आगाऊ कर या दोघांना अजून कोणी सांगितलेले दिसत नाही. आमचे यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री होते तेव्हा, १९७३-७४ मध्ये, वरच्या पायरीवरचा कर अधिभार धरून ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. अण्णा ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत. त्यांचा पगार त्या पायरीच्या आसपासही कधी फिरकला नव्हता, म्हणून असेल.

आता रस. पहिल्या वाचनात भयानक, दुसऱ्यात रौद्र, हिशेब पटल्यावर हास्य. पण सातव्या वाचनात जे झाले ते सांगण्यासाठीच हा खटाटोप केला.

अण्णा स्वतः अत्यंत आगाऊ होते, चांगल्या अर्थाने. सकाळी सातची एस.टी. असली की सहाला स्टँडवर. दूधवाल्याचे, पेपरवाल्याचे पैसे पहिल्या तारखेला, येणाऱ्या महिन्याचे. दूधवाला म्हणायचा, "मास्तर, आधी दूध तर प्या." दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते माझ्या काउंटरसमोर रांगेत उभे राहत आणि ज्येष्ठांचा पंधरा-एचचा अर्ज आपल्या वळणदार अक्षरात भरून देत. मुलगा आत बसला आहे म्हणून त्यांनी रांग कधी मोडली नाही. नोटिशीतला आकडा ताडून बघायला मी त्या रात्री त्यांचे कपाट उघडले, तर ठेवींच्या पावत्यांखाली त्यांची खर्चाची वही होती. शेवटचे लिहिलेले पान मार्चचे होते. ते फेब्रुवारीत गेले. मार्चचे दूध, मार्चचा पेपर, मार्चची मोलकरीण, सगळे मांडून, पुढे 'दिले' असे लिहून खाली रेघ मारलेली.

मग मी पुन्हा नोटीस घेतली. तिच्यात एक ओळ होती, इतका वेळ नजरेतून सुटलेली. आगाऊ कर भरणा : शून्य.

व्याजाची रक्कम मला सहा वेळा दिसली होती. ही ओळ आता दिसली. वर्षभर ते व्याज माझ्या खात्यात जमा होत होते आणि मी त्याला हात लावला नव्हता, हिशेबातही धरले नव्हते. लोकांना मी विसरलो म्हणून सांगितले. खरे असे, की ते पैसे अण्णांचे आहेत, ते येतील आणि बघतील, असे कुठेतरी मनात होते. मृत्यूच्या दाखल्याच्या सात प्रती मी ठिकठिकाणी दिल्या होत्या. बँकेने ठेवी माझ्या नावावर केल्या, नगरपंचायतीने घर केले, तरीही मला ते खरे वाटले नव्हते. खात्याच्या त्या बिनचेहऱ्याच्या लेखकाने मात्र साफ लिहिले होते : उत्पन्न तुमचे, कर तुमचा, तारखा तुमच्या. साठीच्या वरची सवलत त्यांची होती, ती त्यांच्याबरोबर गेली.

अशा नोटिशीला उत्तर द्यायला खात्याच्या संकेतस्थळावर दोनच मुख्य वाटा असतात : मागणी मान्य आहे, किंवा मान्य नाही. तीस दिवसांची मुदत असते. तीही चुकवली तर पुन्हा महिन्याला एक टक्का. टीकाकाराला 'मान्य आहे' असे लिहिण्याची सवय नसते. वाचकांना माझा सल्ला विचाराल, तर घाबरून गप्प बसू नका आणि रागावून 'अमान्य' ठोकूही नका. आधी क्रमांक खरा आहे का ते बघा, मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून पेन्सिलीने हिशेब करा. चूक त्यांची निघाली तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आणि तो करावाच. माझ्या बाबतीत ती निघाली नाही. मी 'मान्य' वर खूण केली आणि १,१९० रुपये भरले.

मग भिंतीवरचे कॅलेंडर खाली घेतले आणि १५ डिसेंबरभोवती लाल गोल काढला. मार्चचे पान पुढच्या कॅलेंडरात होते. ते अजून बाजारात यायचे होते. बायको चहा घेऊन आली.

"कसला गोल?"

"आगाऊ कर."

तिने कॅलेंडर नीट टांगले. "दूधवाल्याचे पण आता पहिल्या तारखेलाच देत जा," ती म्हणाली. "तो विचारत होता, मास्तर गेल्यापासून पैसे महिना संपल्यावर का येतात म्हणून."